बुधल्याला बूच लावू नये

१

एल्डरची फळं काट्याने काढायची असतात. जेवायच्या काट्याने. घोस डाव्या हातात धरायचा, काटा वरून खाली ओढायचा, की बारीक काळी फळं टपटप बादलीत पडतात आणि हिरवे देठ हातात राहतात. देठ बादलीत जाता कामा नयेत, पोट बिघडतं. फळंही कच्ची खाल्ली तर ओकाऱ्या होतात. चांगली उकळली की मग गुणाला येतात.

हे सगळं मला नणंदेने शिकवलं. बेरिल, माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. राहते गावाच्या दुसऱ्या टोकाला, पण आमच्या घरात अशी वावरते की आम्हीच तिच्याकडे पाहुणे आलोय. दर सप्टेंबरात टोपल्या घेऊन हजर. आमच्या मागच्या भिंतीलगत एल्डरचं जुनं झाड आहे, सासूबाईंच्याही आधीचं. त्याची फळं उतरवायची आणि वाइन घालायची. ती पुढच्या वर्षी प्यायची, जेवणाआधी छोटा पेलाभर, औषध म्हणून.

"लोह असतं यात," काटा चालवता चालवता बेरिल म्हणायची. "क जीवनसत्त्व असतं. रक्त वाढतं, खोकला पळतो. आई नव्वदीपर्यंत कशावर जगली मग?"

"चिडचिडीवर," मी म्हणायचे.

मी सगळी हयात शाळेच्या स्वयंपाकघरात घालवली. कशात काय असतं ते मला कुणी सांगायला नको. "क जीवनसत्त्व निम्मं उकळताना गेलं, उरलेलं वर्षभर ठेवून गेलं. लोह हवं तर वाटीभर मसूर खा की. साखर यीस्टने खाल्ली. मग राहिलं काय? रंग आणि नशा."

"तू बस हिशेब करत," बेरिल म्हणायची, आणि विल्फ, माझा नवरा, खिडकीपाशी बसून हसायचा. हसला की त्याची छाती वाजायची. उमेदीची सगळी वर्षं त्याने जवाच्या कोठारात काढली. ती धूळ छातीत बसली ती बसलीच. त्याचा श्वास दोन आखूड आणि एक लांब असा यायचा, लांबाच्या शेवटी बारीक शिट्टी. मी जन्मभर त्या शिट्टीशेजारी झोपले. घरातल्या घड्याळाची टिकटिक जशी ऐकू येईनाशी होते, तसं तिचं झालं होतं.

२

फळं तोडण्याआधी झाडाला विचारायचं. एल्डरमध्ये एक म्हातारी राहते म्हणतात, आणि आमच्या भागातली जुनी माणसं तिला विचारल्याशिवाय झाडाला हात लावत नाहीत. सासूबाई बुंध्यावर तळवा टेकवून म्हणायच्या, "म्हातारे, तुझं थोडं मला दे. मी झाड होईन तेव्हा माझं थोडं तू घे." बस, एवढंच. मी नॉटिंगहॅमसारख्या शहरातली, पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसू आवरेना. पुढे वाटायला लागलं, आपण दुसऱ्याच्या दारावर टकटक करून आत जातो, तितपतच आहे हे. सासूबाई गेल्यावर विचारायचं काम बेरिलकडे आलं.

गेल्या सप्टेंबरात विल्फ म्हणाला, "या वर्षी मी विचारतो."

तो ऑगस्टात इस्पितळातून घरी आला होता. डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, हा हिवाळा जपा. सांगताना त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. आम्हाला मूलबाळ नाही. विल्फ गेला तर मी या घरात एकटी कशी राहणार, हा एकच विचार दिवसभर माझ्या मागे असायचा. भांडी घासताना, अंथरूण घालताना, कधीही.

तो काठी टेकत निघाला. पावसाच्या पाण्याच्या पिंपाशी थांबला, दम घेतला, पुन्हा निघाला. बुंध्यावर हात टेकवून बोलायला लागला आणि बोलतच राहिला. आम्ही दोघी दारात टोपल्या घेऊन उभ्या.

"अरे, फळं मागतोयस की मुलगी मागतोयस?" बेरिल ओरडली.

त्याने मागे वळून पाहिलं नाही. मध्येच मान हलवली, कुणी काही म्हणालं आणि ते पटलं नाही, अशी. मग थोड्या वेळाने पुन्हा हलवली, पटल्यासारखी.

परत येताना तो पिंपाशी थांबला नाही. सरळ आला आणि खुर्चीत बसला.

"एवढं काय बोलत होतास?" मी विचारलं.

"घासाघीस करत होतो," विल्फ म्हणाला आणि ब्रेडवर लोणी लावायला लागला.

जेवताना मला सारखं वाटत होतं की खोलीतलं काहीतरी बंद पडलंय. फ्रिज पाहिला, तो चालू होता. ताटं उचलताना लक्षात आलं. विल्फची छाती वाजत नव्हती.

३

फळं उकळली, गाळली, साखर घातली, यीस्ट घातलं आणि रस काचेच्या मोठ्या बुधल्यात भरून मागच्या खोलीत ठेवला. बुधल्याच्या तोंडाला बूच लावत नाहीत, वाकडी काचेची नळी लावतात. नळीत थोडं पाणी असतं. आतला वायू त्यातून बुडबुडत बाहेर पडतो, बाहेरची हवा आत जात नाही. ज्यांच्या घरी वाइन घालतात त्यांना तो आवाज ओळखीचा असतो. गुळुक. मग जरा वेळाने गुळुक. आधी भराभर, मग सावकाश, आणि साखर संपली की बंद.

शरद असा गेला की मी देवाचे आभार मानले. विल्फ बागेत फिरायचा. गाल लाल झाले. जेवायचा तर असा की मी शाळेतल्या पातेल्यांच्या मापाने रांधायला लागले. बटाटे, मटण, पुडिंग, वर पुन्हा ब्रेड.

"बघ, वाइनचा गुण," बेरिल म्हणाली.

"या वर्षीची तर अजून बुधल्यात आहे," मी म्हटलं.

"गेल्या वर्षीची पितोय ना तो. तुला आमचं काही चांगलं झालेलं बघवत नाही."

दवाखान्यातल्या सिस्टर ओकाफोर तपासायला आल्या. त्यांनी तपासायची नळी कानांत घालून विल्फच्या पाठीवर लावली, मग छातीवर, मग पुन्हा पाठीवर. बराच वेळ लावून ठेवली. कानातून काढून नळीकडे पाहिलं, पुन्हा घातली.

"किती स्वच्छ आहे," त्या शेवटी म्हणाल्या. "शिट्टी नाही, घरघर नाही. काहीच ऐकू येत नाही."

त्या हसल्या, पण सामान गोळा करताना त्यांनी पुन्हा एकदा विल्फकडे वळून पाहिलं. मी त्यांना दारापर्यंत सोडायला गेले. मागच्या खोलीवरून जाताना त्या थांबल्या. "आत कुणी आजारी आहे का?" त्यांनी विचारलं.

"नाही हो. वाइन आहे."

त्या गेल्यावर मी बुधल्यासमोर जाऊन उभी राहिले. तोवर मी तो आवाज नुसता ऐकत होते, लक्ष दिलं नव्हतं. गुळुक, गुळुक, आणि मग एक लांब, सावकाश, शेवटी पाण्यातून निघालेली बारीक शिट्टी. मग पुन्हा दोन आखूड. मग लांब.

मी स्वतःला म्हटलं, नोरीन, जन्मभर जो आवाज ऐकलास तो आता तुला नळातसुद्धा ऐकू येणार. आणि स्वयंपाकाला लागले.

४

नोव्हेंबर संपत आला तरी बुधला थांबेना. वाइनमध्ये साखर किती उरली ते बघायची काचेची कांडी असते, वाइनमध्ये सोडली की तरंगते आणि खुणेवर वाचायचं. मी सोडली. साखर संपली होती. दोनदा धुऊन पुन्हा सोडली. संपलीच होती.

आता मी काही शास्त्रज्ञ नव्हे. पण इतकं मला कळतं की ज्याला खायला मिळतं तेच जगतं. यीस्ट साखर खातं तोवर बुडबुडे येतात. साखर नसेल तर हे खातंय काय? मी कारणं शोधली. खोली गरम असेल. काहीतरी आंबलं असेल. चाखून पाहिली, आंबली नव्हती. उलट चव भरली होती, अगदी वर्षभर मुरल्यासारखी.

त्याच आठवड्यात विल्फची पँट धुवायला घेतली. पट्टा काढला तर त्याला खिळ्याने पाडलेली नवी भोकं. गाल लाल, पण सदरा काढला की फासळ्या मोजता याव्यात. एवढं खाऊन माणूस वाळत होता.

"वजन कमी झालंय तुझं," मी म्हटलं.

"म्हातारपण," तो म्हणाला. "अजून बटाटे आहेत का?"

मी त्याला बटाटे वाढले. मागच्या खोलीचं दार उघडं राहिलं होतं. तो घास घ्यायचा, गिळायचा, आणि गिळला की आत बुधला जोरात वाजायचा. मी उठून दार लावून घेतलं. भीती वाटली मला, खोटं कशाला बोलू. पण समोर माझा माणूस बसून जेवत होता, आणि डॉक्टरीणबाईंनी ज्या हिवाळ्याची भीती घातली होती तो लागला होता.

५

एका सकाळी विल्फ बैठकीच्या खोलीत पेपर वाचत होता. मधली दारं उघडी होती, मला बुधल्यापासून त्याची खुर्ची दिसत होती. मी नळीच्या तोंडावर अंगठा ठेवला.

आवाज थांबला. काचेतून अंगठ्यावर दाब यायला लागला, मऊ, कोमट. विल्फने पेपर खाली ठेवला. धापा टाकल्या नाहीत, घसा धरला नाही. नुसता बसून राहिला, तोंड थोडं उघडं, डोळे माझ्या दिशेने. ओठांचा रंग उतरायला लागला.

मी अंगठा काढला. नळीतून लांब शिट्टी निघाली. विल्फने पेपर उचलला, पान उलटलं.

"नको गं तसं करूस," तो पेपरमागून म्हणाला.

मी तिथेच बादलीवर बसले. विचारायचं खूप होतं, पण विचारलं तर तो सांगेल, आणि सांगितलं तर ते खरं होईल, म्हणून मी काही विचारलं नाही. त्या दिवशी मी बुधला शेगडीशेजारी आणून ठेवला, भोवती माझी लोकरीची शाल गुंडाळली. थंडीने वाइन थांबते. हिवाळाभर मी ती शेगडी विझू दिली नाही.

६

बेरिलला बुधला डोळ्यांत खुपायला लागला.

"जानेवारी लागला, अजून बाटल्या भरल्या नाहीस? गाळावर इतके दिवस ठेवली तर वाया जाईल. आणि हिला शाल काय पांघरलीस, बाळंतीण आहे का ती?"

"राहू दे," मी म्हटलं. "हात लावू नकोस."

"का?"

का ते कसं सांगणार? सांगितलं असतं तर तिने मलाच इस्पितळात नेलं असतं. "मी सांगते म्हणून," मी म्हटलं. बेरिलला आयुष्यात कुणी असं सांगितलं आणि तिने ऐकलं, असं झालेलं नाही. हे मला ठाऊक असायला हवं होतं.

माझ्या डोळ्यांची तपासणी लिंकन शहरातल्या इस्पितळात ठरली होती. ती दोनदा पुढे ढकलली होती, आता ढकलता येत नव्हती. विल्फला एकटं ठेवायचं नाही म्हणून बेरिल येऊन बसली. निघताना मी पुन्हा बजावलं. "जा गं बाई," ती म्हणाली, "मी काय तुझा बुधला घेऊन पळून जातेय?"

इस्पितळात डोळ्यांत औषध घातलं, बाहुल्या मोठ्या होतात ते. समोरचं सगळं पांढरं आणि विरघळलेलं दिसायला लागलं. बाकावर बसून मी चाचपडत घरी फोन लावला. विल्फनेच उचलला.

"बेरिल काय करतेय?"

"बाटल्या धुतेय."

"तिला फोन दे."

"हात ओले आहेत तिचे."

"विल्फ, तिला थांबव. तू सांग, तुझं ऐकेल ती."

फोनमध्ये मागून आवाज येत होता. दोन आखूड, एक लांब.

"दमलो गं मी, नोरीन," तो म्हणाला. "नुसती भूक लागते. किती खाऊ घालू त्याला?"

"आणि मी काय करू मग?" बाकावरची माणसं माझ्याकडे बघत असावीत. मला दिसत नव्हती आणि फिकीरही नव्हती.

"तू ये," विल्फ म्हणाला. "मी असेन इथेच."

तपासणी अर्धी टाकून मी बस पकडली. फोन लावत राहिले, कुणी उचलला नाही.

७

बसमधून उतरून मी मागच्या वाटेने धावत आले. ऊन होतं, हिवाळ्यातलं तिरपं, आणि त्या औषधामुळे डोळ्यांत सुया टोचत होत्या. भिंतीपाशी आल्यावर मला तो दिसला. झाडाशी उभा होता, माझ्याकडे पाठ करून, त्याचा तपकिरी स्वेटर घालून, एक हात बुंध्यावर. माझ्या जिवात जीव आला.

"विल्फ, कोट कुठाय तुझा? आत ये आधी," मी ओरडले आणि स्वयंपाकघरात शिरले.

घरात आवाज नव्हता. टेबलावर बाटल्या ओळीने उभ्या, बुचं ठोकलेली, पुसून चकचकीत. बुधला धुऊन पालथा घातलेला. माझी शाल घडी करून खुर्चीवर.

"घे, तुझं काम उरकून टाकलं," बेरिल हात पुसत म्हणाली. "आता बसून ओरड. आणि हळू, विल्फला डुलकी लागलीय."

"विल्फ बाहेर आहे."

"काहीतरीच काय. तो बघ की आत."

तो खुर्चीत होता. तपकिरी स्वेटर, मांडीवर पेपर. गाल अजून लाल होते. मी हात धरला, तो निवत आलेला. मी हाका मारल्या. मग धावत स्वयंपाकघरात आले, बुचं काढायचा स्क्रू घेतला आणि एकेक बाटली उघडत सुटले. बेरिल माझा हात धरत होती, मी तिला ढकललं. प्रत्येक बाटलीला कान लावला. काही नाही. वाइन होती नुसती, काळी, शांत.

"गाळ कुठे टाकलास?" मी विचारलं. "बुधल्याच्या तळाचा गाळ, बेरिल."

ती रडायला लागली होती, आत जाऊन भावाला बघून आली होती. "झाडाच्या बुंध्याशी," ती म्हणाली. "आई तिथेच ओतायची ना. आणखी कुठे ओतणार?"

मी बाहेर गेले. झाडाशी कुणी नव्हतं. बुंध्याशी माती जांभळी ओली झाली होती. मी साल धरली आणि कान टेकवला.

डोळ्यांचं मी मानते. औषध होतं, ऊन होतं, भिंतीवर फांद्यांची सावली होती, माणसाला हवं ते दिसतं. पण कानांत कुणी औषध घातलं नव्हतं. आत, खूप आत, दोन आखूड आणि एक लांब. शेवटी शिट्टी.

"एवढ्या थंडीत बाहेर का उभा राहिलास रे," मी म्हटलं. मग मला रडू आलं.

८

मृत्यूच्या दाखल्यावर छातीचा विकार लिहिलाय, आणि ते बरोबरच आहे. एल्डरला आमच्याकडे जानेवारीतच कोंब फुटतात, त्यातही काही नवल नाही. यंदा फुलं फार आली. आता ऑगस्ट सरत आलाय आणि फळांच्या भाराने फांद्या जमिनीला टेकल्यात. रोज दुपारी मी तिथे खुर्ची टाकून बसते. वारा पडला की पानं हलतात, आणि वारा सुटला की थांबतात. असं का, याचा विचार मी सोडून दिलाय.

काल बेरिल आली होती. जानेवारीपासून ती माझ्याशी फार हळू बोलते, त्याचाच मला जास्त त्रास होतो.

"एवढं पीक आईच्या वेळीही नव्हतं," ती झाडाकडे बघत म्हणाली. "पण तुला नको असेल तर राहू दे या वर्षी. पाखरं खातील."

"पाखरांना कशाला? रविवारी टोपल्या घेऊन ये."

"बरं. मी सकाळी लवकर येऊन झाडाला विचारून ठेवते."

"नको," मी म्हटलं. "या वर्षी मी विचारते."

तिने माझ्याकडे पाहिलं. मी काटे धुऊन ठेवलेत. बुधल्याची जागा शेगडीशेजारीच केलीय, शालही तिथेच आहे. घरातली सगळी बुचं मी जाळून टाकली. काय बोलायचं ते मला येतं, सासूबाईंकडून शंभरदा ऐकलंय. जन्मभर शाळेच्या भाजीवाल्यांशी मी पैशापैशाची घासाघीस केली. रविवारी करणार नाही. म्हातारी मागेल ते देऊन टाकणार आहे.